कोणी आले नाही

चोपड्यात, यावल रोडला, आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
तांब्याची तार, वार्निशचा वास,
जळून आलेल्या पाणबुड्या मोटारी.
त्यांच्या पोटाला माईक लावून मी ऐकत बसतो.
गिऱ्हाइकाला वाटतं, तपासतोय.

वही आली मोटारीच्या हिशोबात.
गुमान पावरा, निवृत्त वनरक्षक.
पैसे कमी पडले तेव्हा म्हणाला,
हाई ठेव भो, तुले आवाजनं याड शे.

अनेरच्या वर, सातपुड्यात, चौकीतली नऊ वर्षं
सरकारी हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर, शिसपेन्सिलीत:

आज कोणी आले नाही. सालईचा डिंक पाघळला.
आज कोणी आले नाही. फरशीवर गोटी टप्पे घेत जावी
तसा रातवा बोलला, दोनदा.
आज कोणी आले नाही. उंबर पाण्यात पडले. नंतर मासा.
आज दोन माणसे आली.

(त्या तारखेला पुढं काही लिहिलेलं नाही.)

मी मोजलं. दोन हजार एकशे चार वेळा
कोणी आले नाही.
एका वेळेला एक सेकंद धरला
तरी पस्तीस मिनिटं.
सूर घेतला दुकानाच्या भिंतीत मुरलेला,
विजेचा, पन्नास हर्ट्झचा,
जो लाइट गेल्यावरच कळतो की होता.
माणसं आली तिथं तो तोडायचा, ठरलं.

मग बाकीचं आणायला गेलो.
फाल्गुन. पळस पेटून विझत आलेले.
सायकलच्या ट्यूबमध्ये माईक गुंडाळून झऱ्यात सोडला:
आत वाटाणे भाजल्यासारखं काहीतरी सतत चाललेलं,
कोण करतं ते अजून माहीत नाही.
कुंपणाच्या तारेला कान लावला, तर
मैलभरावरची म्हैस अंग घासत होती.
सागाचं वाळलं पान पडतं
ते वहाण ओढत कुणी आल्यासारखं.
मी तीनदा 'कोण?' म्हणालो.
तिन्ही 'कोण' तसेच ठेवलेत.

तिसऱ्या दिवशी स्वतःचं चावणं ऐकवेना.
पाचव्या दिवशी ते ऐकू यायचं थांबलं
आणि मी घाबरलो.
सातव्या रात्री मी कुणाशी तरी बोललो,
बराच वेळ, हसलोसुद्धा.
तेवढं पुसलं.

अकरा दिवसांनी खाली आलो. महिनाभर जोडत होतो,
शटर अर्धं ओढून.
शेजारचा चहावाला, निंबा, म्हणाला,
डीपी जळतेय बघ कुठंतरी.
जळगावला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत वाजवलं.
चौदा जण होते. शेवटी पाच.
त्यातला एक झोपलेला,
पण चेहरा इतका निवांत की उठवलं नाही कुणी.

परवा गुमानभाऊ आला, ऑइल सील न्यायला.
उलट्या डब्यावर बसवला, हेडफोन लावले.
त्यानं डोळे मिटले. दोन मिनिटांत उघडले.
झरा डावा कानले कसा?
खाटवर मी निजनू का झरा उजवा कानले ऱ्हास.

मी वायरी तपासल्या. बरोबर होत्या.
खाट तीच, चौकी तीच.
मग आठवलं:
मी दाराकडे पाय करून निजायचो,
कुणी आलं तर दिसावं म्हणून.

त्यानं नऊ वर्षं
दाराकडे डोकं केलेलं.

त्याच्या कानावरचे हेडफोन मी उलटे केले,
डावा उजवीकडे.
त्यानं परत डोळे मिटले.
ऑइल सील मांडीवर तसंच.

दुकानासमोर कुणीतरी मोटार उतरवत होतं टेम्पोतून,
हाका मारत होतं.
मी हातानंच सांगितलं,
थांब.